परवानगी कोठे आणि कशी तपासावी: वेब ॲप्लिकेशनमधील प्रवेश-नियंत्रणाची मांडणी

लॉगिनचे पान नीट बांधले, पासवर्ड हॅश करून (मूळ पासवर्ड परत काढता येणार नाही अशा रूपात) साठवले, दोन टप्प्यांची पडताळणी जोडली, की सुरक्षिततेचे मुख्य काम उरकले असे अनेक प्रकल्पांत गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात या सगळ्यातून समोरची व्यक्ती कोण आहे एवढेच ठरते. त्या व्यक्तीने मागितलेली नेमकी गोष्ट तिला द्यायची की नाही, हा प्रश्न त्यानंतर सुरू होतो आणि तो प्रत्येक विनंतीच्या वेळी नव्याने सोडवावा लागतो. पहिल्या कामाला ऑथेंटिकेशन म्हणतात आणि दुसऱ्याला ऑथरायझेशन. पहिल्यासाठी तयार लायब्ऱ्या आणि सेवा मुबलक आहेत. दुसऱ्याचे नियम मात्र त्या त्या व्यवसायाच्या व्यवहारातून येतात, त्यामुळे ते बाहेरून आणता येत नाहीत, स्वतःच लिहावे लागतात. ओवास्प या संस्थेच्या वेब-धोक्यांच्या यादीत सदोष प्रवेश-नियंत्रण २०१७ साली पाचव्या क्रमांकावर होते आणि २०२१ च्या यादीत ते पहिल्या क्रमांकावर गेले, याचे म्हणूनच फारसे आश्चर्य वाटू नये.

पुढील सर्व विवेचनासाठी एकच उदाहरण घेऊ. रुग्णांचे तपासणी-अहवाल साठवणारे आणि दाखवणारे एक वेब ॲप्लिकेशन आहे. रुग्ण, डॉक्टर, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, हिशेब विभाग आणि ॲडमिन असे पाच प्रकारचे वापरकर्ते ते वापरतात, आणि एकाच ॲप्लिकेशनवर अनेक रुग्णालयांची माहिती एकाच डेटाबेसमध्ये राहते. हे उदाहरण निवडण्याचे कारण असे की, ‘डॉक्टरला अहवाल दिसतात’ हे वाक्य ऐकायला पुरेसे वाटते, पण त्यावर ॲप्लिकेशन उभे केले तर कोणत्याही डॉक्टरला कोणाचाही अहवाल दिसू लागतो.

नियम आधी कागदावर

कोड लिहिण्यापूर्वी एक तक्ता तयार करावा. ही कल्पना जुनी आहे: बटलर लॅम्पसन यांनी १९७१ साली मांडलेल्या प्रवेश-सारणीत आडव्या ओळींत वापरकर्ते, उभ्या स्तंभांत वस्तू आणि प्रत्येक चौकोनात परवानग्या असतात. ती सारणी स्तंभाप्रमाणे साठवली की प्रत्येक वस्तूपाशी ‘मला कोण वापरू शकतो’ अशी यादी तयार होते. ओळीप्रमाणे साठवली की प्रत्येक वापरकर्त्याच्या हाती ‘मला काय काय करता येते’ असा परवान्यांचा संच येतो. आजच्या बहुतेक पद्धती या दोहोंपैकी एका बाजूला झुकलेल्या किंवा दोहोंचे मिश्रण असतात.

आपल्या कामासाठी मात्र प्रत्येक रुग्णाची आणि प्रत्येक अहवालाची सारणी लिहिणे शक्य नाही, म्हणून तक्त्यात कोण, कोणती क्रिया आणि कोणत्या अटीवर, असे तीन भाग ठेवावेत. तिसरा भागच सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तोच बहुधा कोरा राहतो. ‘अहवाल पाहणे’ या एकाच क्रियेसाठी तो भरला की असा दिसतो:

रुग्ण: अहवाल स्वतःचा असेल आणि डॉक्टरांनी तो खुला केला असेल तर.
डॉक्टर: तो रुग्ण सध्या त्यांच्या उपचाराखाली असेल तर.
तंत्रज्ञ: अहवाल स्वतःच्या प्रयोगशाळेत तयार होत असेल आणि त्यावर अंतिम सही झाली नसेल तर.
हिशेब विभाग: नाही, केवळ तपासणीचे नाव, तारीख आणि रक्कम.
ॲडमिन: नाही.

शेवटच्या ओळीवर बैठकीत हमखास वाद होतो. ॲडमिनचे काम खाती उघडणे, बंद करणे आणि भूमिका नेमून देणे हे आहे. त्यासाठी कोणाच्या रक्ताचा अहवाल वाचण्याची गरज नसते. ‘ॲडमिनला सगळे दिसले पाहिजे’ हा आग्रह बहुधा सोयीपोटी असतो, आणि ज्या दिवशी ॲडमिनचा पासवर्ड चोरीला जातो त्या दिवशी त्या सोयीची किंमत कळते. हा तक्ता ज्यांना रोजचा व्यवहार माहीत आहे अशा माणसांसमोर बसून भरावा. ‘सध्या उपचाराखाली’ म्हणजे नेमके काय, रुग्ण घरी गेल्यावर ती परवानगी किती दिवस टिकते, बदली डॉक्टरचे काय, ही उत्तरे प्रोग्रामरने अंदाजाने देऊ नयेत.

मूळ उत्तर नकाराचे

जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ साली सुरक्षित रचनेची जी तत्त्वे मांडली त्यांतली तीन येथे थेट लागू पडतात: नियम सापडला नाही तर नकार द्यावा, प्रत्येक वेळी तपासणी करावी, आणि कामाला लागेल तेवढाच अधिकार द्यावा. पहिले तत्त्व पटते सर्वांना, पण वापरातली साधने अनेकदा त्याच्या उलट वागतात. उदाहरणार्थ, वेब-सेवा बांधण्याच्या जँगो रेस्ट फ्रेमवर्क या साधनात परवानगीची मूळ मांडणी बदलली नाही तर ती सर्वांना मुभा देणारी असते. नवा एंडपॉइंट (विनंती स्वीकारणारा सर्व्हरवरचा पत्ता) लिहिताना परवानगीची ओळ राहून गेली तर तो उघडा पडतो आणि कोणतीही त्रुटी दिसत नाही. म्हणून प्रकल्पाच्या पहिल्याच दिवशी ही मूळ मांडणी नकारावर आणावी. त्याही पुढे जाऊन, ॲप्लिकेशन सुरू होताना सर्व एंडपॉइंटची यादी वाचून ज्याच्यावर परवानगीचा नियम नोंदवलेला नाही असा एकही आढळला तर सुरू होण्यासच नकार देणारी छोटीशी तपासणी लिहावी. सार्वजनिक पानांवरही ‘सर्वांसाठी खुले’ असा स्पष्ट नियम लिहायला लावावा, म्हणजे विसरलेले आणि ठरवून खुले ठेवलेले यांत फरक राहतो.

नियम तपासताना चूक झाली, डेटाबेस उत्तर देईना, नियमांची सेवा बंद पडली, अशा वेळीही उत्तर नकारच असावे. अशी त्रुटी (एक्सेप्शन) पकडून ‘तूर्त जाऊ दे’ असे म्हणणारा कोड सहकाऱ्यांच्या पुनरावलोकनात दिसला तर तो तिथेच थांबवावा.

तपासणी सर्व्हरवर होते, ब्राउझरमध्ये नव्हे. बटण लपवणे ही वापरकर्त्याची सोय आहे. लपवलेल्या बटणामागची विनंती कोणीही हाताने पाठवू शकतो.

‘कोणता अहवाल’ हा खरा प्रश्न

बहुतेक गळत्या येथे होतात, म्हणून येथे थोडे थांबू. रुग्ण लॉगिन करतो, त्याचा अहवाल उघडतो आणि पत्त्याच्या पट्टीत शेवटी ४५१७ हा क्रमांक दिसतो. तो ४५१८ करून त्याने एंटर दाबले तर काय होते? एंडपॉइंट ‘लॉगिन झाले आहे का’ आणि ‘भूमिका रुग्णाची आहे का’ एवढेच विचारत असेल तर दोन्ही उत्तरे ‘हो’ येतात आणि दुसऱ्याचा अहवाल समोर येतो. मे २०१९ मध्ये अमेरिकेतील फर्स्ट अमेरिकन फायनान्शियल या कंपनीच्या संकेतस्थळावरील त्रुटी उघड झाली, ती याच जातीची होती. दुव्यातील क्रमांक बदलला की लॉगिनही न मागता इतरांची मालमत्ता-व्यवहारांची कागदपत्रे उघडत होती, आणि अशा नोंदींची संख्या सुमारे ८८.५ कोटी होती. त्यासाठी हल्लेखोराला कोणतेही खास साधन लागत नव्हते.

यावर दोन प्रकारे तपासणी करता येते. पहिला प्रकार म्हणजे क्रमांकावरून अहवाल आधी डेटाबेसमधून आणायचा आणि मग तो या व्यक्तीला दाखवता येतो का हे पाहायचे. दुसरा प्रकार म्हणजे क्वेरीतच, म्हणजे डेटाबेसला केलेल्या मागणीतच, अट घालायची: अहवाल-क्रमांक ४५१७ आणि रुग्ण म्हणजे सध्या लॉगिन असलेली व्यक्ती, अशी नोंद मागायची, ती सापडली नाही तर विषय संपला. शक्य तेथे दुसरा प्रकार वापरावा. पहिल्यात तपासणीची ओळ विसरली तरी कोड चालतो. दुसऱ्यात ‘या वापरकर्त्याला दिसणारे अहवाल’ असा एकच सामाईक मार्ग ठेवला आणि प्रत्येक एंडपॉइंटने त्याच मार्गाने जायचे असा दंडक घातला, तर थेट टेबलवर जाणारी क्वेरी पुनरावलोकनात चटकन नजरेस येते. यादी, शोध, एक्स्पोर्ट आणि एकूण संख्या दाखवणारे आकडे यांनाही तोच मार्ग आपोआप लागू होतो, आणि गळती बहुधा याच आडवाटांनी होत असते. अहवालाचे पान काटेकोरपणे बंद केलेले असते, पण शोधाच्या चौकटीत नावाची पहिली तीन अक्षरे टाकली की सर्व रुग्णालयांतील रुग्णांची नावे सुचवली जातात. किंवा अहवालाची पीडीएफ फाइल वेगळ्या साठवणीत असते आणि तिचा दुवा कोणालाही उघडता येतो.

एक विशेष फसवी जागा म्हणजे एकात एक असलेले पत्ते. पत्ता ‘रुग्ण १२, अहवाल ४५१७’ असा आहे. कोड तपासतो की रुग्ण १२ या डॉक्टरच्या उपचाराखाली आहे, आणि ते बरोबर असते. त्यानंतर तो ४५१७ क्रमांकाचा अहवाल आणतो. पण तो अहवाल रुग्ण १२ चाच आहे का, हे कोणी विचारतच नाही. तपासणी आहे, चाचणीही पार पडते, आणि तरीही डॉक्टर आपल्या एका रुग्णाचा क्रमांक पुढे ठेवून कोणाचाही अहवाल वाचू शकतो. पत्त्यातील प्रत्येक पायरी आधीच्या पायरीशी क्वेरीत जोडणे हाच यावर उपाय आहे.

क्रमाने येणाऱ्या आकड्यांऐवजी लांबलचक यादृच्छिक ओळख-क्रमांक वापरावेत असा सल्ला वारंवार दिला जातो. तो जरूर पाळावा, त्याने अंदाज बांधणे अशक्यप्राय होते. पण त्याला परवानगीची तपासणी समजू नये. असे क्रमांक ब्राउझरच्या इतिहासात राहतात, सर्व्हरच्या नोंदींत जातात, स्क्रीनशॉटमधून आणि पुढे पाठवलेल्या दुव्यांतून फिरतात, आणि दुसऱ्याच एखाद्या एंडपॉइंटच्या उत्तरात सहज दिसतात.

नकार देताना कोणत्या क्रमांकाचे उत्तर (एचटीटीपी स्टेटस कोड) पाठवावे हेही ठरवून ठेवावे. ओळखच पटलेली नसेल तर ४०१, ओळख पटली पण परवानगी नाही तर ४०३, हा साधा नियम. मात्र एखादी नोंद अस्तित्वात आहे हे कळणेच जेथे माहिती फोडण्यासारखे असते, तेथे ४०४ (‘सापडले नाही’) द्यावे; एचटीटीपीच्या मानकात याला स्पष्ट मुभा आहे. असलेल्या पण मनाई केलेल्या नोंदीसाठी ४०३ आणि नसलेल्या नोंदीसाठी ४०४ असा फरक राहिला, तर कोणते क्रमांक खरे आहेत हे बाहेरच्याला मोजता येते.

नोंदीच्या आतली परवानगी

हिशेब विभागाला तपासणीचे नाव आणि रक्कम हवी, निष्कर्ष नको. अशा वेळी पूर्ण नोंद पाठवून नको ते रकाने ब्राउझरमध्ये लपवण्याची पद्धत सर्रास आढळते, आणि ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये तो सगळा मजकूर उघडाच असतो. प्रत्येक भूमिकेसाठी कोणते रकाने बाहेर जातील याची यादी सर्व्हरवर ठेवावी, आणि ती ‘हे वगळा’ अशी नव्हे तर ‘एवढेच पाठवा’ अशी असावी, कारण टेबलमध्ये उद्या नवा रकाना आला तर ‘हे वगळा’ या यादीत तो नसल्याने आपोआप बाहेर पाठवला जातो.

लिहिण्याच्या दिशेनेही हेच. वापरकर्त्याने आपला फोन क्रमांक बदलण्याच्या विनंतीत ‘भूमिका: ॲडमिन’ असे एक जास्तीचे मूल्य घातले आणि सर्व्हरने आलेली सगळी मूल्ये जशीच्या तशी नोंदीत भरली, तर काम तमाम. मार्च २०१२ मध्ये एका संशोधकाने गिटहब या कोड साठवण्याच्या संकेतस्थळावर याच मार्गाने आपली सार्वजनिक की (ओळख पटवणारी डिजिटल किल्ली) रेल्स या वेब-फ्रेमवर्कच्या प्रकल्पाच्या खात्याला जोडून दाखवली होती. बदलता येणाऱ्या रकान्यांची यादी क्रियेनुसार स्वतंत्र ठेवावी.

भूमिका, अटी आणि नाती

डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कून यांनी १९९२ साली भूमिकाधारित प्रवेश-नियंत्रणाची औपचारिक मांडणी केली. परवानग्या व्यक्तीला न देता भूमिकेला द्याव्यात आणि व्यक्तीला भूमिका नेमावी, हा तिचा गाभा आहे. माणसे बदलली तरी भूमिका टिकतात, म्हणून देखभाल सोपी होते. त्याचा वापर करताना एक शिस्त पाळावी: कोडमध्ये ‘ही व्यक्ती डॉक्टर आहे का’ असे विचारू नये, ‘या व्यक्तीला हा अहवाल पाहण्याची परवानगी आहे का’ असे विचारावे. उद्या परिचारिकांनाही ती परवानगी द्यायची ठरली तर बदल एकाच ठिकाणी होतो. नाहीतर भूमिकांची नावे शेकडो ठिकाणी विखुरतात आणि त्यातली दोनचार नेहमी सुटतात.

भूमिका ‘कोणत्या प्रकारचे काम’ हे सांगते, ‘कोणाचे काम’ हे सांगत नाही. ती उणीव भूमिका वाढवून भरण्याचा मोह टाळावा. ‘हृदयरोग-डॉक्टर-रात्रपाळी-फक्त-वाचन’ असली नावे दिसू लागली की अटी भूमिकेच्या नावात कोंबल्या जात आहेत हे ओळखावे. त्या अटी गुणधर्मांवर लिहाव्यात: विभाग, वेळ, अहवालाची स्थिती. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने २०१४ साली गुणधर्माधारित पद्धतीवर मार्गदर्शिका काढली, ती याच विचाराची आहे. जेथे परवानगी नात्यांतून येते, म्हणजे फोल्डर ज्याला दिला त्याला आतल्या फाइल मिळतात, गटाला दिले की गटातील सर्वांना मिळते, तेथे नाती साठवून त्यांवरून उत्तर काढणारी पद्धत उपयोगी पडते. गूगलने आपली झँझिबार ही अशी प्रणाली २०१९ साली शोधनिबंधातून प्रसिद्ध केली आणि त्या धर्तीवर ओपनएफजीए, स्पाइसडीबी यांसारखी मुक्त साधने आली. ओपन पॉलिसी एजंट आणि सीडर ही साधने नियम कोडबाहेर स्वतंत्र भाषेत लिहू देतात.

ही नावे वाचून लगेच स्वतंत्र नियम-यंत्रणा बसवण्याची घाई करू नये. एकाच सर्व्हरवरच्या मध्यम आकाराच्या ॲप्लिकेशनला भूमिका, मालकी आणि दोनचार अटी एवढ्यावर वर्षानुवर्षे भागते, फक्त त्या एकाच मॉड्यूलमध्ये, साध्या फंक्शनच्या रूपात असाव्यात. वेगवेगळ्या भाषांत लिहिलेल्या अनेक सेवांना एकच नियम लागू करायचे असतील, किंवा ग्राहकांना स्वतःचे नियम ठरवू द्यायचे असतील, तेव्हा बाहेरच्या यंत्रणेचा खर्च सार्थ ठरतो.

हिशेब विभागात पैशांचा परतावा नोंदवणाऱ्यानेच तो मंजूर करू नये, हा नियम मात्र कोणत्याही पद्धतीत लागतो. तो भूमिकांवर सोडला तर दोन्ही भूमिका असलेली व्यक्ती सुटते, म्हणून तपासणी प्रत्यक्ष नोंदीवर करावी: मंजूर करणारी आणि नोंदवणारी व्यक्ती एक नसावी.

टोकनमध्ये किती भरावे

लॉगिननंतर दिल्या जाणाऱ्या सहीबंद टोकनमध्ये (प्रत्येक विनंतीसोबत परत पाठवल्या जाणाऱ्या डिजिटल ओळखपत्रात) भूमिका लिहून टाकली की दरवेळी डेटाबेसला विचारावे लागत नाही, हे खरे. पण टोकन दिल्याच्या क्षणी गोठलेली परवानगी त्याची मुदत संपेपर्यंत जिवंत राहते. दुपारी काढून टाकलेल्या कर्मचाऱ्याचे टोकन रात्रीपर्यंत चालत असेल तर ती पद्धत सोयीची नाही. टोकनची मुदत काही मिनिटांची ठेवावी, त्यात ओळख आणि रुग्णालय एवढेच असावे, आणि संवेदनशील क्रियांसाठी परवानगी ताज्या माहितीवरून ठरवावी. सही तपासताना टोकन आपल्याच सेवेसाठी दिलेले आहे का, हेही पाहावे. दुसऱ्या सेवेसाठी दिलेले, पण खऱ्या सहीचे टोकन स्वीकारणे ही नेहमीची चूक आहे.

बाहेरच्या ॲपला वापरकर्त्याच्या वतीने प्रवेश देण्याची ओऑथ ही पद्धत आहे; तिच्यातील स्कोपविषयी (परवानगीच्या व्याप्तीविषयी) एक गैरसमज दूर करावा. ‘अहवाल वाचणे’ हा स्कोप बाहेरच्या ॲपला वापरकर्त्याच्या वतीने काय करता येईल याची मर्यादा घालतो. तो वापरकर्त्याला नसलेली परवानगी देत नाही. म्हणून स्कोप आणि वापरकर्त्याची स्वतःची परवानगी, दोन्ही जुळले तरच होकार द्यावा.

कॅशकडेही, म्हणजे तयार उत्तरांच्या तात्पुरत्या साठ्याकडेही, लक्ष द्यावे. एका डॉक्टरसाठी तयार झालेले उत्तर केवळ पत्त्याच्या आधारे साठवले तर ते दुसऱ्यालाही दिले जाते, आणि तुमचा सगळा नियमांचा कोड त्या वेळी चालतच नाही.

डेटाबेसची दुसरी भिंत

एका रुग्णालयाची माहिती दुसऱ्याला दिसणे ही सर्वांत मोठी नामुष्की असल्याने, तेवढ्या सीमेसाठी डेटाबेसमध्येही नियम बसवावा. पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसमध्ये ९.५ या आवृत्तीपासून प्रत्येक ओळीवर धोरण लावता येते; ‘ओळीतील रुग्णालय-क्रमांक सध्याच्या सत्रातील क्रमांकाइतका असावा’ असे धोरण लावले की ॲप्लिकेशनमध्ये अट विसरली तरी परक्या ओळी येत नाहीत. ते लावताना तीन गोष्टी पाहाव्यात. टेबलचा मालक असलेल्या खात्याला हे धोरण मुळात लागू होत नाही, ते सक्तीचे केल्यासच होते. सुपरयूजरला (सर्वाधिकार असलेल्या खात्याला) तर कधीच लागू होत नाही. म्हणून ॲप्लिकेशनचे खाते या दोहोंपैकी नसावे. व्ह्यू (नाव देऊन साठवलेली क्वेरी) सामान्यतः तो बनवणाऱ्याच्या अधिकाराने चालतो, त्यामुळे धोरणाला बगल मिळू शकते. आणि कनेक्शन पूल (डेटाबेसची उघडी कनेक्शन अनेक विनंत्यांत आळीपाळीने वापरण्याची सोय) वापरत असाल तर रुग्णालय-क्रमांक त्या ट्रान्झॅक्शनपुरताच ठेवावा, अन्यथा एका विनंतीचा क्रमांक त्याच कनेक्शनवर येणाऱ्या पुढच्या विनंतीला चिकटतो. ही तिसरी चूक चाचणीत सहसा दिसत नाही, कारण चाचणीच्या वेळी एकच वापरकर्ता असतो.

सेवांची खाती

पीडीएफ बनवणारी सेवा, ईमेल पाठवणारे काम, रात्री चालणारा एक्स्पोर्ट, यांना सर्व काही वाचण्याचा अधिकार दिलेला असतो, आणि त्यांना काम मात्र सामान्य वापरकर्ता सांगतो. नॉर्म हार्डी यांनी १९८८ साली वर्णन केलेली घटना हीच आहे: एका कंपायलरला (प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनाला) स्वतःच्या निर्देशिकेत लिहिण्याची मुभा होती, वापरकर्त्याने डीबगच्या माहितीसाठी म्हणून त्याच निर्देशिकेतील बिलांच्या फाइलचे नाव दिले, आणि कंपायलरने स्वतःच्या अधिकाराने ती फाइल पुसून टाकली. वापरकर्त्याला ती फाइल लिहिता येत नव्हती, कंपायलरला येत होती, आणि कोणाच्या वतीने लिहितो आहोत हे कंपायलरला माहीत नव्हते.

२०१९ मध्ये उघड झालेल्या कॅपिटल वन या अमेरिकी बँकेच्या प्रकरणात सुमारे १० कोटी अमेरिकी आणि ६० लाख कॅनेडियन लोकांची माहिती गेली. तेथेही चुकीच्या मांडणीच्या फायरवॉलला बाहेरून विनंत्या करायला लावून तिच्या भूमिकेची तात्पुरती ओळखपत्रे मिळवली गेली, आणि त्या भूमिकेला साठवणीतील फाइल वाचण्याचा अधिकार होता. एका फायरवॉलला तो अधिकार कशासाठी हवा होता, हा प्रश्न आधीच विचारायला हवा होता.

म्हणून प्रत्येक सेवेचे खाते वेगळे ठेवावे, त्याला लागेल तेवढाच अधिकार द्यावा, आणि काम ज्याच्या वतीने चालले आहे त्याची ओळख कामाबरोबर पुढे पाठवावी. रांगेत ठेवलेल्या कामाची परवानगी ते प्रत्यक्ष चालते तेव्हा पुन्हा तपासावी. सकाळी मागितलेला एक्स्पोर्ट रात्री तयार होईपर्यंत मागणाऱ्याची नियुक्ती संपलेली असू शकते.

चाचण्या नकाराच्या लिहाव्यात

‘डॉक्टरला अहवाल दिसतो’ ही चाचणी सगळे लिहितात. प्रवेश-नियंत्रणाची खरी चाचणी म्हणजे कोणाला काय दिसत नाही याची. चाचणीच्या माहितीत किमान दोन रुग्णालये, आणि प्रत्येकात प्रत्येक भूमिकेच्या दोन व्यक्ती ठेवाव्यात. दोन कशासाठी, तर रुग्णाला डॉक्टरचे पान मिळत नाही हे एका व्यक्तीवर तपासता येते, पण एका रुग्णाला दुसऱ्याचा अहवाल मिळत नाही हे तपासायला दुसरा रुग्ण लागतोच, आणि तोच प्रकार सर्वाधिक निसटतो.

सुरुवातीला भरलेला तक्ता येथे पुन्हा उपयोगी पडतो. त्यातील प्रत्येक ओळ आणि प्रत्येक अट माहितीच्या रूपात चाचणीला द्यावी आणि चाचणीने सर्व एंडपॉइंटवर सर्व व्यक्तींच्या वतीने विनंत्या पाठवून उत्तरे ताडून पाहावीत. नवा एंडपॉइंट तक्त्यात नसेल तर चाचणी फसावी. बदल करणाऱ्या विनंत्यांबाबत केवळ ४०३ आले म्हणून समाधान मानू नये. नंतर डेटाबेस वाचून काहीच बदलले नाही याची खात्री करावी, कारण आधी लिहून मग परवानगी तपासणारा कोडही ४०३ च देतो. हाताने तपासणी करताना बर्प सूट या सुरक्षा-चाचणीच्या साधनातील ऑथराइझ हे एक्स्टेंशन उपयोगी पडते: तुम्ही एका खात्याने फिरत राहता आणि ते प्रत्येक विनंती कमी अधिकाराच्या दुसऱ्या खात्याने पुन्हा पाठवून दोन्ही उत्तरे शेजारी दाखवते.

नोंदी, परवानगी काढून घेणे आणि आणीबाणी

प्रत्येक निर्णयाची नोंद ठेवावी: कोणी, कोणती क्रिया, कोणत्या अहवालावर, कोणत्या नियमाने, होकार की नकार. अहवालातील मजकूर नोंदीत घालू नये, अन्यथा नोंदींची फाइलच गळतीचे नवे ठिकाण होते. एका खात्याला थोड्या वेळात लागोपाठ वेगवेगळ्या क्रमांकांवर नकार मिळत असेल तर कोणीतरी क्रमांक चाचपत आहे; त्यावर इशारा बसवावा.

परवानगी देण्याची विनंती लोक स्वतःहून करतात. काढून घेण्याची कोणी करत नाही. विभाग बदललेल्या माणसाकडे जुन्या विभागाचे अधिकार तसेच राहतात आणि काही वर्षांनी त्याच्याकडे सगळ्यांपेक्षा जास्त अधिकार जमतात. यावर ठरावीक काळाने आढावा घ्यावा, आणि तात्पुरती परवानगी देतानाच तिच्यावर समाप्तीची तारीख घालावी. खाते बंद करण्याची प्रक्रिया मनुष्यबळ विभागाच्या नोंदीशी जोडलेली असावी, कोणाच्या आठवणीशी नव्हे.

शेवटचा प्रश्न आणीबाणीचा. बेशुद्ध रुग्ण आला आणि समोरचा डॉक्टर त्याचा नेमलेला डॉक्टर नाही, अशा वेळी नकार देणारे ॲप्लिकेशन जिवावर बेतू शकते, आणि ती भीती पुढे करूनच अनेक ठिकाणी सर्व डॉक्टरांना सर्व अहवाल खुले केले जातात. त्याऐवजी आणीबाणीचा स्वतंत्र मार्ग ठेवावा: डॉक्टरने कारण लिहावे, त्याच एका रुग्णाचे अहवाल काही तासांसाठी उघडावेत, मुदत संपताच ते आपोआप बंद व्हावेत, आणि अशा प्रत्येक वापराची सूचना त्याच क्षणी विभागप्रमुखाकडे जाऊन दुसऱ्या दिवशी तिची तपासणी व्हावी. या मार्गाचा वापर एखाद्या विभागात रोजचाच होऊ लागला, तर नियम मोडले जात आहेत असे मानण्याआधी ‘उपचाराखाली’ या अटीची व्याख्या पुन्हा तपासावी. बहुधा ती त्या विभागाच्या प्रत्यक्ष कामाशी जुळत नसते.